हिरव्या कोटाची करडी कीर्ती

मी एक जुना हिरवा ओव्हरकोट आहे. मित्रांनो, जुन्या चित्रपटांत पाहिलंत तर तुम्ही मला करडा समजाल. त्यात तुमचा दोष नाही. तेव्हा पडद्यावर रंगच नव्हते.

पॅरिसजवळच्या एका स्टुडिओत झेलीबाईंनी मला शिवलं. जाड लोकर, रुंद खांदे. आन्सेल्म कुर्तो हा नाटकातला नट पहिल्यांदाच चित्रपटात इन्स्पेक्टर होणार होता. मला पाहताच तो दोन पावलं मागे सरला.

"हिरवा? बाई, नटाने हिरवं घातलं की नाटक पडतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!"

"मग तुमची आजवरची कुठल्या रंगाने पडली, मस्यो?" तोंडातल्या टाचण्या न काढता बाई म्हणाल्या. "घाला गुमान. पडद्यावर कुणाला दिसणार आहे हिरवा?"

"न दिसलेला बाधत नसेल म्हणा," असं पुटपुटत त्याने मला चढवलं.

अकरा वर्षं आम्ही गाजलो. खोटं कशाला सांगू, निम्मा अभिनय माझाच. तो संवाद विसरला की मी हळूच कॉलर वर करायचो, आणि वर्तमानपत्रं लिहायची, 'काय ती बोलकी शांतता!' मार्सेय बंदराच्या धक्क्यावरून तो समुद्रात पडला, तेव्हा मीच फुगून त्याला काठाला लावलं. श्रेय नावाड्याने घेतलं.

मग रंगीत फिल्म आली. निर्माते म्हणाले, "कोट हाच ठेवू. शोभतो." मी श्वास रोखून आन्सेल्मच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

"नको," तो म्हणाला. "आता दिसेल. दिसला की बाधेल."

त्याने नवा करडा कोट घातला. चित्रपट आठवड्यात पडला. लोक म्हणाले, "हा आमचा इन्स्पेक्टर नव्हेच." पुन्हा त्याला कुणी बोलावलं नाही. मी स्टुडिओच्या कपाटात टांगलेला राहिलो. शेजारी राजेरजवाड्यांचे झगे होते, पण ते कोटाशी कशाला बोलतील?

कित्येक वर्षांनी, एका दुपारी आन्सेल्म तिथे आला. झेलीबाई केव्हाच वारल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या नव्या मुलीने मान वर न करता विचारलं, "दिवा दुरुस्त करायला ना?"

तो म्हणाला, "हो."

कपाटांमधून चाचपडत त्याने मला शोधलं, अंगात घातलं. किती वाळला होता! मी जीव एकवटून खांदे ताठ धरले.

"अहो आजोबा, कपड्यांना हात नाही लावायचा!"

त्याने मला काढलं, एकेक बटण लावून टांगलं. "दिवा ठीक आहे," म्हणाला आणि गेला.

मित्रांनो, लोकरीच्या कपड्याला वर्षातून एकदा ऊन दाखवा, नाहीतर कसर लागते. आणि दारात कुणी आलं, तर कशाला आलं ते आपणच ठरवू नका. माणूस 'हो' म्हणतो आणि निघून जातो.