डावीकडे सरकणारा माउथपीस

अग्निशमन दलाच्या बँडमध्ये ती ट्रम्पेट वाजवायची. तिच्याआधी त्याच खुर्चीवर तिचे वडील पंचवीस वर्षं बसले होते. गेल्या वर्षी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

"माउथपीस डावीकडे सरकतोय तुझा," बँडमास्तर म्हणाले. "ओठांच्या मधोमध ठेव. नंतर सवय मोडणं जड जाईल."

घरी आरशासमोर तिनं ट्रम्पेटचं ते फुंकायचं टोक नीट मधोमध टेकवलं, तोंडाचे कोपरे आवळले. पहिल्याच फुंकेला ते डावीकडे गेलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा तसंच. कुणी हनुवटी धरून तोंड वळवावं तसं.

"अगं, यांच्या ओठांवर हे काय उमटलंय?" वडिलांना भरवता भरवता आईनं हाक मारली.

डावीकडे, जिथे जीव उरला होता तिथे, लालसर गोल वळ होता. वर्षभरात त्यांनी वाद्याला हात लावला नव्हता.

"डास चावला असेल."

"डास एवढा गोल चावतो?"

दुसऱ्या दिवशी खात्री करायला आई वडिलांजवळ बसली आणि ती आतल्या खोलीत वाजवू लागली. लांब सूर धरला होता, तोच आई किंचाळली, "थांब! आधी थांब!"

ती धावत बाहेर आली. वडिलांचे ओठ आवळलेले, छाती भरलेली. श्वास आतच अडकला होता. चेहरा निळा पडत चालला होता.

"काहीतरी कर गं!"

तिनं तिथंच ट्रम्पेट ओठांना लावला आणि तुटलेला सूर शेवटपर्यंत नेला. सूर संपला, तसा वडिलांनी श्वास सोडला.

तिनं ट्रम्पेट खाली घेतला. "बाबा, तुम्ही...?"

त्यांनी डाव्या हातानं उशाजवळची लिहायची पाटी ओढली. वेडीवाकडी अक्षरं उमटली: 'वरचा ओठ फार दाबतेस.'

तिनं ट्रम्पेट पेटीत बंद केला. त्या दिवसापासून वडील घासाकडून तोंड फिरवू लागले. आठव्या दिवशी आईनंच पेटी आणून तिच्या मांडीवर ठेवली.

बँडमधल्या लांब सुरांच्या जागा तिनं दुसऱ्याला देऊन टाकल्या. "दम पुरत नाही," एवढंच मास्तरांना सांगितलं. घरी मात्र ती रोज सकाळी वाजवते, वरचा ओठ सैल ठेवून. त्याआधी आई फोन बंद करते, दाराला आतून कडी घालते आणि वडिलांच्या छातीवर हात ठेवून बसते.