उघड्या जिनाचे चित्र

आपल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, सुवर्णमहोत्सवासाठी भगवानरावांना एक भव्य, "अ‍ॅब्स्ट्रॅक्ट" चित्र हवे होते. खामगावात कलेचा इतिहास शिकवणारी संजीवनी त्यांना सोयीची वाटली. ती कोणाची मुलगी, हे विचारण्याची गरज त्यांना भासली नाही.

तिच्या वडिलांचा, मोतीरामचा, उजवा हात इथल्याच जिनात, सरकी काढणाऱ्या यंत्रात, गेला होता. रोलरपुढे जाळी होती, ती मोतीरामने दारूच्या नशेत काढली, असे भगवानरावांनी न्यायालयात शपथेवर सांगितले होते. मोतीराम दारूला कधी शिवलाही नव्हता. भरपाई नाकारली गेली; मोतीरामचे अपील अजून लोंबकळत होते.

संजीवनीचा प्रबंध फ्यूचरिस्ट चित्रकारांवर होता. वेग दाखवायचा तर एकच अवयव पुढे पुढे सरकताना पुन्हा पुन्हा रंगवायचा, ही त्यांची रीत. यंत्राची आरती ओवाळणाऱ्या त्या इटालियन मंडळींपैकी कोणी जिनात हात घालून पाहिल्याचे मात्र तिच्या वाचनात आले नव्हते.

महोत्सवाच्या दिवशी पाहुण्यांसमोर चित्रावरचा पडदा सरकला. पांढरे-तांबडे पट्टे एकातून एक फुटत उजवीकडे झेपावत होते आणि ऐन भरात काळ्या, ताठ जाळीवर आपटून थांबत होते. अशा जागी पाहणाऱ्याचा डोळा चिडतो. त्या चिडीवरच तिने सारी भिस्त ठेवली होती.

"अवो मॅडम, सारा जोश मारून टाकला ना तुमी! हे जाळी कायले?" भगवानराव म्हणाले.

"सुरक्षेसाठी. जिनाला असतेच ना?"

"कोनं सांगतलं? आपल्या जुन्या जिनाले जाळी कधीच नवती! उघडी मशीन, तवाच तर तिचा सपाटा!"

पाहुणे कौतुकाने हसले. सगळ्यांचे मोबाइल चित्रावर आणि यजमानांवर रोखलेले होते.

"कधीच नव्हती?"

"अवो, जिन माहं का तुमचं?"

"तुमचंच. मग चूक दुरुस्त करते."

जाळीचा रंग तिने मुद्दाम ओला ठेवला होता. टर्पेंटाइनच्या फडक्याने ती सावकाश पुसली गेली. खाली पट्ट्यांना बोटे फुटली होती. तोच एक पंजा, दर खेपेला अधिक ताणलेला, अधिक लाल, दोन रोलरांच्या फटीत शिरत होता.

भगवानराव चित्राजवळ सरकले. "हा... हात कोनाचा?"

"मोतीरामचा. मी त्यांची मुलगी."

शेवटच्या रांगेतून मोतीराम उठला. त्याची रिकामी बाही खांद्याशी पिन लावून दुमडलेली होती. कोणीतरी घाईने मोबाइल खाली घेतला.

"राहू द्या खाली," संजीवनी फडक्याची घडी घालत म्हणाली, "जाळी नव्हती हे भगवानरावांनी सांगितलं, अपिलाला तेवढं पुरेसं आहे."