खरवडलेले तीन आकडे

मी डेबिट कार्ड बोलतोय. गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे, आणि मला तळपायही नाहीत.

कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला. पातळ प्लास्टिकचं अंग, त्यावर सोनेरी चिप, पाठीवर काळी पट्टी. बँकेच्या पाकिटातून जुळे सोलापुरात बापूसाहेबांच्या फ्लॅटवर आलो, तेव्हा वाटलं होतं, आता रोज बाजार बघायला मिळेल. कधी पेट्रोल, कधी औषधं, कधी लग्नाचं कापड. चारचौघा कार्डांचं आयुष्य असंच जातं.

बापूसाहेब निवृत्त प्राध्यापक, रसायनशास्त्रातले पीएचडी. दाराला कुलूप लावून जिना उतरले, की परत वर येऊन कुलूप ओढून बघणारे. माझ्यासोबतची सूचनापत्रिका त्यांनी भिंग लावून वाचली. पाठीवरचे तीन गुप्त आकडे पाठ करून खोडून टाकावेत, असं त्यात होतं. त्यांनी ते पाठ केले आणि दाढीच्या पात्यानं माझी पाठ खरवडून काढली. मग मला रुमालात गुंडाळून कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवलं. बाजार राहिला बाजूला. डांबरगोळ्यांचा वास घेत मी वर्षं काढली.

त्यांची मुलगी प्रियंका कापडावरच्या नक्षीकामाचं शिक्षण घेऊन नुकतीच घरी आली होती. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मानसिंग शेठनी तिला चादरीची नक्षी करायला सांगितली. तिचं पहिलंच काम. शुक्रवारपर्यंत नक्षी दिली की पुढची कामंही तिलाच, असं ठरलं होतं. निम्मी नक्षी झाली आणि संगणक बंद पडला. आतला पॉवर सप्लाय जळाला होता. जुन्या बनावटीचा तो भाग गावातल्या दुकानांत मिळेना. शेवटी तिला फोनवर एका संकेतस्थळावर सापडला. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, एकच नग शिल्लक.

"अण्णा, तुमच्या फोनवर पैसे भरायचं ॲप घेऊ? लगेच होईल," प्रियंका वडिलांना म्हणाली. तिच्या खात्यात अजून काहीच नव्हतं.

"फोनवरून अजिबात नाही! वरच्या मजल्यावरच्या पार्वतम्मांचं खातं कसं रिकामं झालं, विसरलीस?"

"त्यांनी कुणाला तरी ओटीपी सांगितला होता."

"तेच तर. आपणही सांगून बसलो तर?"

"वस्तू दारात आल्यावर पैसे द्यायची सोय बघ," हेही बापूसाहेबच म्हणाले. तिनं बघितलं. त्या भागासाठी ती सोय नव्हती. मग नेट बँकिंग. त्याचा पासवर्ड त्यांनी इतका अवघड ठेवला होता, की तो त्यांनाही आठवेना. चहा झाला, त्यांचं जेवण झालं. दुपारी ते म्हणाले, "संकेतस्थळच खोटं असेल तर?" संध्याकाळी म्हणाले, "खरं असेल, पण मीच काहीतरी चुकीचं दाबेन."

गोजाबाई, त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अवो, एवढी बुकं शिकलासा आन् एक बटन दाबंना व्हय? पोरीनं तोंडात घास घेतला न्हाय सकाळधरनं!"

तेव्हा कुठे मला बाहेर काढलं. इतक्या वर्षांनी! मी ताठ झालो. प्रियंकानं माझा सोळा आकडी नंबर भराभर टाकला. मग मला पालथं केलं.

"अण्णा, मागचे आकडे?"

"माझ्या डोक्यात आहेत. चार, सात, एक."

चूक.

"मग चार, एक, सात. थांब... एक आधी होता का?"

पुन्हा चूक.

मी ओरडत होतो. थांबा, बँकेला विचारा! पण माझी पाठ ज्यांनी पुसली, त्यांना माझं ऐकू कसं येणार? बापूसाहेबांनी अजून एक अंदाज सांगितला आणि बँकेनं मला बंद करून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, तर तो शेवटचा नग दुसऱ्या कुणीतरी नेला होता.

शुक्रवारी मानसिंग शेठचा फोन आला. "ताई, कारखाना बंद ठिवून बसू व्हय मी? दिलं काम दुसरीकडं. पुढच्या टायमाला बघू की."

प्रियंकानं फोन खाली ठेवला. बापूसाहेब तिच्यामागे उभे होते. "मी तुझ्या भल्यासाठीच जपत होतो गं," ते म्हणाले.

"माहीत आहे, अण्णा. पण भीती तुमची होती आणि काम माझं गेलं."



आज माझ्या जागी बँकेच्या पाकिटातून नवं कार्ड आलं आहे. टेबलावर माझ्याशेजारी कात्री ठेवली आहे. बापूसाहेब ती उचलतात, परत ठेवतात. मला कसं कापावं, आडवं की उभं, यावरही त्यांचं एकमत होत नाही. एकट्या माणसाचं!

कापा हो बापूसाहेब, कसंही कापा. मला दुखणार नाही. चोराला भ्या, खोट्या फोनला भ्या, त्यात काही वावगं नाही. पण दुसऱ्याचं काम तुमच्या हातात अडकलेलं असेल, तर घाबरत बसू नका. हात बाजूला घ्या. समोर तुमची मुलगी उभी आहे. ते नवं कार्ड तिच्याकडे द्या.

बघा, आत्ताही ते पाकीट तुम्ही छातीशी धरून बसला आहात.