तीर्थावर दिलेली गोळी

माझा मुलगा श्रीवत्स देवाला आणि फोनला एकाच वेळी गंडवायला बघतो. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या. इथं व्हाइटफील्डच्या ऑफिसात पन्नास जणांवर हुकूम सोडतो आणि घरी जेवू की नको ते फोनला विचारतो. फोनात एक वर्तुळ आहे. ते हिरवं झालं की जेवायचं, तांबडं असलं की वाढलेलं ताट परत. त्यानं चार किलो वजन उतरलं, हे खरं आहे, नाही म्हणत नाही. पण वर मलाच शिकवतो, "अम्मा, तुझ्या एकादशीचंच शास्त्र आहे हे." जशी काही माझी एकादशी त्याच्या फोनची वाट बघत अडली होती!

त्याला पाच वर्षांपासून साखरेचा आजार. एकादशीला गोळी बंद, द्वादशीला पारणं झालं की गोळी चालू, असं डॉक्टरांनीच ठरवून दिलेलं. गोळ्यांचा डबा माझ्या ताब्यात असतो.

परवाच्या द्वादशीला पारण्याची वेळ सव्वाआठपर्यंत होती. मी पहाटे उठून अगसेची म्हणजे हादग्याच्या पाल्याची भाजी, मुगाची आमटी, भात सगळं केलं. हा अंघोळ करून आला आणि पाटावर न बसता नुसता हात पुढं केला.

"तीर्थ दे. तीर्थ घेतलं की पारणं झालं ना?"

"झालं. वेळ टळत असली तर तेवढ्यावर भागतं."

"बरं, मग झालं तर. जेवतो बारा वाजता. परवा रात्री आठपासून धरलं तर चाळीस तास होतील. एकदाही झाले नाहीत अजून."

"चाळीस तासांनी काय देतात? विमान?"

"पदक येतं फोनवर."

"मग घाल गळ्यात आणि हिंड."

तो हसला. मला राग आला होता, पण शास्त्रानं पारणं झालं होतं. मी डबा उघडला आणि गोळी त्याच्या हातावर ठेवली. माझ्या या हातानं ठेवली.

सून मनस्विनी ऑफिसला गेली. हा घरूनच काम करणार होता, खोलीत जाऊन बसला. अकराच्या सुमाराला आतून बोलणं ऐकू आलं. मला वाटलं, मीटिंग असेल. पण तेच तेच शब्द, नुसते घोळवलेले. मी दार ढकललं.

पंखा गरगरत होता आणि शर्ट घामानं चिंब. ओठ पांढरे. हात थरथरत होते.

"वत्सा?"

"अम्मा, बस गेली," म्हणाला. माझ्याकडे बघत होता, पण मला बघत नव्हता.

याचे वडील असेच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मी कसाबसा खण उघडला, त्याचं साखर तपासायचं यंत्र काढलं. मला इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात, आणि हा रोज माझ्यासमोर बोट टोचून घेतो. पहिली पट्टी हातातून पडली. दुसरीवर चव्वेचाळीस आले. रोज एकशेतीस असतात.

मनस्विनीला फोन लावला. ती किंचाळलीच, "साखर! अम्मा, आधी साखर! गिळता येतंय ना त्यांना? पाणी करून पाजा. मी निघाले, अँब्युलन्सही बोलावते."

वाटीभर साखर पाण्यात ढवळली. अर्धी ओट्यावर सांडली. पेला तोंडाशी नेला तर त्यानं हातानं लोटला. दात आवळले.

"बारा नाही वाजले. तांबडं आहे."

"अरे, पी रे!"

"तांबडं आहे."

मी ओरडले, हातापाया पडले, स्वतःच्या पोराच्या. ऐकेना. मान एका बाजूला कलायला लागली. ती पुरती कलली की पाणीही पाजता येणार नाही, एवढं मला कळत होतं. मग मी त्याची हनुवटी धरली आणि अगदी शांत आवाजात सांगितलं, "वत्सा, हिरवं झालं. आत्ताच झालं."

लहान मुलासारखं त्यानं तोंड उघडलं.

घोट घोट पाजलं. मग पेला हातात धरून उभी राहिले. घड्याळाकडे बघवत नव्हतं आणि त्याच्याकडेही. देवाचं नाव घ्यायला गेले, तर एक नाव आठवलं नाही. पुन्हा बोट टोचलं. एकसष्ट. आणखी पाजलं. अठ्ठ्याऐंशी.

"अम्मा, रडतेस कशाला?"

"कोण रडतंय? घाम आहे तो."

अँब्युलन्स आली, घेऊन गेली. संध्याकाळी डॉक्टरांनी घरी सोडलं. गोळी बदलली, आणि आपल्याला विचारल्याशिवाय जेवणाचे तास हलवायचे नाहीत असं बजावलं. रात्री ताटावर बसल्यावर साहेबांना गंमत सुचली. "काही म्हण, अम्मा, गोळी तूच दिलीस."

मनस्विनीनं त्याच्यावर डोळे वटारले. मी वाढणं थांबवलं.

"दिली. तीर्थाला जेवण समजले, ती माझी चूक. देवापुढं उभी राहून कबूल करून आले आहे. पण तू शिकलेला आहेस. पोटात अन्न नाही हे तुला ठाऊक होतं, ती गोळी उपाशीपोटी घ्यायची नसते हेही ठाऊक होतं. फोनातल्या एका पदकासाठी तू तुझ्या आईच्या हातून मरायला निघाला होतास, वत्सा. हे मी तुला कधीही माफ करणार नाही."