गालावरची हिरवी पूड

ब्राँझच्या नाण्याला लागणारी खरी कीड टोचली की पिठासारखी भुरभुरते. ही भुरभुरली नाही. लाकडी काडीच्या टोकाला चिकटून तिची तार निघाली आणि रोस्विताने काडी उजेडात धरली.

उद्या लिलाव, आज माल बघायचा दिवस. म्युनिकच्या लिलावघरातल्या लांब टेबलाशी ती दिवा जवळ ओढून बसली होती. समोर लॉट ९४१ चा ट्रे होता: बावन्न रोमन ब्राँझ नाणी, एकगठ्ठा, जशी आहेत तशी, परत घेतली जाणार नाहीत. असे गठ्ठे घेण्यात तिची तीस वर्षं गेली होती. ऑग्सबुर्गच्या पाणीखात्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या बाईला देखणं, सुटं विकलं जाणारं नाणं परवडत नाही. पन्नासाच्या ढिगात एखादं बरं निघतं. बाकीची झिजलेली, चेपलेली, कुणीतरी तारेच्या ब्रशने घासून मारलेली पदरात पडतात. माणसाला त्याचीही सवय होते.

हा ढीग मात्र परक्याचा नव्हता. ही ओटमारची नाणी होती. त्यांच्या नाणेमंडळाची दर मंगळवारी खानावळीच्या मागच्या खोलीत बैठक भरे, तिथला हा सर्वांत जुना सभासद हिवाळ्यात गेला. त्याच्या बायकोला, वाल्बुर्गाला, यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मंडळाचा अध्यक्ष गेबहार्ट तीन रविवार तिच्या स्वयंपाकघरात बसला आणि त्याने सगळा संग्रह निवडून दिला. चांगली नाणी सुटी विकायला, गाळसाळ गठ्ठ्यात.

आज सकाळी आगगाडीत त्यानेच रोस्विताला बजावलं होतं. "नऊशे एक्केचाळीसच्या वाटेला जाऊ नकोस हं, डॉक्टरीणबाई. एकाला हिरवी कीड लागलीय. ती तुझ्या कपाटात शिरली तर तुझ्या सगळ्या राण्यांना देवी येतील."

जन्मभर पाण्यातले क्लोराइड मोजलेल्या बाईला तो क्लोराइडमुळे लागणाऱ्या किडीची भीती घालत होता. म्हणूनच तिने तो ट्रे सर्वांत आधी मागवला.

ती भिंग घेऊन आणखी खाली वाकली. खरी कीड धातूत खड्डे पाडते. इथे पुडीखाली धातू गुळगुळीत होता. तिचा श्वास लागून ती पूड मऊ पडली, चमकली आणि तिला पुदिन्याचा पुसट वास आला.

हा वास ती ओळखत होती. दर मंगळवारी सॉसेज खाऊन झालं की गेबहार्ट भर बैठकीत कवळी काढायचा, ती रुमालाने पुसायचा, खिशातल्या ट्यूबमधून तिच्यावर चिकटवायच्या पेस्टची रेघ ओढायचा आणि कट्ट आवाज करून ती परत बसवायचा. तेवढा वेळ सगळे आपापल्या बिअरकडे बघत. तीच ही पेस्ट, वर कसलातरी फिकट हिरवा रंग. दुसऱ्याच्या हिरड्यांना लागणारी ती गोष्ट आपण काडीने उकरतो आहोत हे ध्यानात येऊन तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसं.

पण तार निघाली होती तिथे, पेस्टखाली, एक नाक दिसत होतं. त्यामागे केसांचा चापून बसवलेला अंबाडा. काठावर चार अक्षरं.

मनलिया स्कँटिला. जेमतेम सहासष्ट दिवस टिकलेल्या बादशहाची बायको. तिच्या नावाची नाणी पाडायलाच फारसा वेळ मिळाला नाही. रोस्विताने राण्याच तेवढ्या जमवल्या होत्या, आणि त्यांच्या मखमली खणात एकोणीस वर्षं एकच खळगा रिकामा होता. ओटमारला ते ठाऊक होतं. त्याच्याकडे ही होती आणि तो कधी चकार शब्द बोलला नव्हता.

आता गेबहार्टचा सगळा डाव तिला उलगडला. वाल्बुर्गाच्या टेबलाशी बसून त्याने नाण्याला कीड रंगवली. लिलावघराच्या माणसाने ती लांबूनच पाहिली आणि नाणं गठ्ठ्यात टाकलं. उद्या किडीच्या भीतीने कुणी हात वर करणार नाही, आणि मित्राची बायको मातीमोलाने घालवील ते हा उचलील.

देखरेखीला बसलेली मुलगी दहा पावलांवर होती. तिला बोलावून "हे जरा धुऊन बघा" एवढंच म्हणायचं होतं. नाणं ढिगातून निघालं असतं, सुटं विकलं गेलं असतं, वाल्बुर्गाला तिचं मिळालं असतं. आणि रोस्विताच्या हाताबाहेर गेलं असतं, कायमचं.

ती अर्धवट उठलीसुद्धा.

"झालं का तुमचं?" मागे एक व्यापारी खोळंबला होता. "म्हणजे मी बघतो."

"एक मिनिट," ती म्हणाली आणि पुन्हा बसली. तिने बोट जिभेला लावलं आणि सुटलेली तार हलकेच नाकावर लिंपली. थोडं उघडं राहिलं. तिने बोट पुन्हा जिभेला लावलं, तेव्हा पुदिना लागला.

ती चव तिने गिळली आणि काम पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी ९४१ पुकारला तेव्हा सभागृहात दोनच फलक वर गेले. गेबहार्ट तिसऱ्या रांगेत होता. आपल्यावर कुणीतरी बोली लावतंय म्हणून त्याने मान वळवली आणि तिला पाहिलं. आधी त्याच्या कपाळाला आठी पडली. मग ती गेली. त्याने आणखी चार वेळा फलक उचलला, तोही सवयीने उचलावा तसा, आणि शेवटी मांडीवर आडवा ठेवला. हातोडी पडली.

माल ताब्यात घ्यायच्या खिडकीशी तो तिच्याजवळ आला.

"काल संध्याकाळी मी पुन्हा जाऊन बघितलं," तो हळूच म्हणाला. "नाकावरचा तुकडा मी तसा ठेवला नव्हता. छातीत धस्स झालं, म्हटलं कुणीतरी उचकटलं. पण लिंपलं होतं काय सुरेख! माझ्या तोंडात मारेल असं. थुंकीच ना?"

ती पावतीवर सही करत राहिली.

"अगं, लाजतेस काय? इतकी वर्षं मला वाटायचं, ही आपली सोवळी. आज खरी आमच्यातली झालीस." त्याने तिच्या खांद्यावर थाप मारली. "मंगळवारची बिअर तुझ्याकडून."

त्याचा हात गेला तरी खांदा ओला असल्यासारखा वाटत राहिला. स्टेशनवर उतरून ती घरी गेली नाही. ट्राम पकडून सरळ वाल्बुर्गाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी गेली.

वाल्बुर्गा आलुबुखारांचा केक कापत होती. "बस, बस. गेबहार्टचा फोन आला होता. ओटमारच्या गाळसाळीवर तू जीव टाकून बोली लावलीस म्हणे. मन मोठं हो तुझं."

रोस्विताने सगळं सांगितलं. प्रयोगशाळेत अहवाल द्यायची तसं, क्रमाने: काय दिसलं, कसला वास आला, तिने काय केलं, किती वेळा केलं. मग ओल्या फडक्याने नाणं पुसलं. फडक्यावर हिरवट, चिकट घाण आली आणि स्कँटिलाचा गाल दिसला, तपकिरी, नितळ, एवढीशीही चीर नसलेला.

वाल्बुर्गाने नाण्याकडे बघितलं नाही. तिने फडकं उचलून उजेडात धरलं.

"ही माझी," ती म्हणाली. "डोळ्यांवर लावायची पावडर. डबी इथेच खणात असते. ओटमारही तीच घ्यायचा." ती खुर्चीत बसली. "उल्मच्या एका म्हाताऱ्याच्या गठ्ठ्यातून आणलंन् त्याने हे, असंच कीड रंगवून. गेबहार्ट शिकला कुणाकडून, वाटतं तुला? म्हणून तर बाहेर काढत नव्हता. म्हातारा जिवंत होता ना."

वाल्बुर्गाने फडकं टेबलावर टाकलं.

"ते दोघे तसलेच, मला माहीत होतं. त्यांच्यासाठी कॉफी करायची मी, कशावर हसतायत ते ऐकत. पण तू गं?"

"मी परत द्यायला आले, वाल्बुर्गा."

"द्यायला आलीस, का मी 'असू दे, ठेव तुला' म्हणावं म्हणून आलीस?"

रोस्विताने टेबलावर बघितलं. पुसून झाल्यावर नाणं तिने स्वतःच्या कपाशी ठेवलं होतं, आणि वर दोन बोटं. आपली बोटं तिथे आहेत हे तिला आत्ता कळत होतं. ती उचलायला तिला जोर लावावा लागला. तिने नाणं टेबलापलीकडे सरकवलं.

"ठेव तिथेच," वाल्बुर्गा म्हणाली. "मी दुसरीकडे देईन, सुटं, धुतलेलं. तू बोली लावायची नाहीस. फोनवरून नाही, दुसऱ्याच्या नावाने नाही."

"नाही लावणार."

"ती बाकीची एक्कावन्न घेऊन जा. आणि हे फडकंही ने बाई, मला ते घरात नको."

केकचं तिने विचारलं नाही. रोस्विताने ट्रे बगलेत धरला, फडकं घडी करून पिशवीत टाकलं आणि दार ओढून घेतलं.

आपण शब्द पाळणार हे तिला पक्कं माहीत होतं. तेवढं एक तरी बरं झालं, असं म्हणत ती जिना उतरू लागली. एक मजला उतरेपर्यंत डोक्यात नुसतं रिकामं होतं. मग विचार सुरू झाले, शांत, नेटके, एकापुढे एक. असलं नाणं सुटं घेणारी माणसं या भागात पाच-सहा. तिघांना ती ओळखत होती. त्यातल्या दोघांनी सत्तरी ओलांडली होती. एकाच्या हृदयाचं मागच्या वर्षी ऑपरेशन झालं होतं, आणि त्याच्या मुलांना नाण्यांत काडीचा रस नव्हता; तो गेला की सगळं पुन्हा गठ्ठ्यात येणार.

दुसऱ्या मजल्यावर तिने कठडा धरला. वरच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. ती तिथेच उभी राहिली, तोंडात पाणी सुटायचं थांबेपर्यंत.