खाऱ्या पाण्याने धुतलेली तक्तपोशी

मी एक जुनी तक्तपोशी आहे, मित्रांनो. होडीच्या पोटावर फळ्या ठोकून केलेलं छप्पर. लोक लाकडाला मुकं समजतात. मी मात्र जन्मापासून कुरकुरते आहे, आणि उगीच नाही.

माझा धनी सहदेव बाळकुमच्या मिठागरात राबायचा. कल्याणला आगगाडी येऊन वीसेक वर्षं झाली होती, तरी आमची ये-जा खाडीतूनच चाले. आदल्या वर्षी उधाणाने त्याच्या शेताचा बांध फोडला आणि भात बियाण्यासकट नासलं. बायको शेवंती कल्याणजवळच्या शहाडची. तिच्या भावाने, हरिहरने, दोन पोती बियाणं देऊ केलं. ते कोरडं आणता यावं म्हणून सहदेवने पडलेल्या आंब्याच्या फळ्या काढून मला घरीच बेतलं. सुतार बोलवायचा नाही, हा त्याचा हट्ट.

मिठागरवाल्यांची खाडीवर भारी श्रद्धा. नवी वस्तू आधी तिच्या पाण्याने धुवायची, ही रीत. सहदेवने मला तसंच खसाखसा धुतलं.

"अवो, विहिरीच्या गोड्या पान्यानं धुवा," शेवंती म्हणाली. "मीठ मुरलं का ओल धरतंय. त्याच्यावर राळ टिकायची नाय."

"शेवंते, मीठ काय असतं ते तू मला शिकवतेस? खाडीची होडी खाडीच्याच पान्यानं धुवायची!"

मी वरून सुकल्यासारखी दिसताच त्याने माझ्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकला आणि गरम राळ ओतली. मी चकाकले. गावाने वाहवा केली. मला मात्र राळेखाली ओल खाजत होती. सांगणार कुणाला?

शहाडहून परतताना रुंद खाडीत उलटा वारा सुटला. लाटा माझ्यावर आपटू लागल्या. राळेचे पापुद्रे उठले, कापूस सुटला. मी फळ्या आवळून धरायला बघत होते आणि पाणी थेंबथेंब आत उतरत होतं. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

"पानी गळतंय," शेवंती म्हणाली.

"नाय गळत!"

तिने मागची सुटी फळी उचलून हात घातला. खालचं एक पोतं चिंब होतं, दुसरं तेवढं कोरडं राहिलं होतं. सहदेवचं वल्हं थांबलं.

घरी येताच तिने ते बियाणं विहिरीच्या पाण्यात धुतलं, मोड आणायला पेंढ्यात दडपलं. तीन दिवस दोघं सारखी पेंढा उचकटून बघत होती. मूठभर दाण्यांना मोड आले, बाकीचे आंबले. त्या साली अर्धं शेत हिरवं झालं, अर्धं उघडंच राहिलं. सहदेव तिथून जाताना मान फिरवायचा.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने माझी राळ खरवडली. विहिरीवरून खांद्यावर घागरी आणून मला चार दिवस धुतलं, सावलीत सुकवलं. मग राळेचं भांडं विस्तवावर ठेवून तो तसाच बसून राहिला.

"शेवंते," तो हळूच म्हणाला, "जरा हात लावून बघ गं. सुकलीय का?"

मित्रांनो, लाकडाला तेल द्या, राळ द्या, पण आधी त्याच्या पोटातली ओल जाऊ द्या. घाईची चकाकी कुणाच्या कामाची नाही. आता मी म्हातारी झाले, मला किनाऱ्यावर काढून ठेवलंय. पण शेवंतीने त्या दिवशी माझ्यावरून तळवा फिरवला आणि ती म्हणाली, "अजून एक दिवस थांबा." आणि मित्रांनो, सहदेव थांबला.