बेसुऱ्यांची चाचणी

घरात तिला सगळे भोंगा म्हणत. हे नाव थोरल्या बहिणीनं, ताईनं, ठेवलेलं, आणि तेही लाडानंच. ताईचा गळा गोड. ती गायला बसली की शेजारीपाजारी खिडक्या उघडायचे, आणि भोंग्यानं सोबत सूर लावला की आई आतून ओरडायची, "अगं, तिला गाऊ दे ना! तू नुसती ऐक." पुढे ताई कार्यक्रमांतून गायला लागली. भोंग्याला गाता येत नव्हतं, पण गाण्यावाचून करमतही नव्हतं. म्हणून ती शहरातल्या वाचनालयात संगीत विभाग सांभाळू लागली.

तिच्या टेबलाशी येणाऱ्यांची एक ठरावीक तऱ्हा होती. इकडंतिकडं बघायचं, घसा खाकरायचा आणि हळूच म्हणायचं, "बाई, एक गाणं आहे. शब्द आठवत नाहीत, पण ते साधारण असं जातं." मग जे काही बाहेर पडायचं, त्याला गाणं म्हणायला धाडसच लागे. भोंगा कधी हसली नाही. कुठं ऐकलं होतं, बाईचा आवाज होता की बुवाचा, असं विचारत विचारत ती गाण्यापर्यंत पोचायची. कधी लगेच, कधी आठवडाभरानं, कधी पोचायचीच नाही.

एक दिवस मुख्य ग्रंथपालांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सगळे त्यांना साहेब म्हणत.

"आपल्या वेबसाइटवर चाल शोधायची सोय करायचीय," साहेब म्हणाले. "फोनपुढे गुणगुणायचं की गाणं हजर. तीन कंपन्यांनी आपापलं यंत्र वापरून बघायला दिलंय. तुम्ही तिन्ही तपासा आणि अहवाल द्या. तसं पहिल्या कंपनीचं जवळजवळ ठरलंच आहे म्हणा. उद्घाटनाची तारीखही काढलीय."

"मग तपासायचं कशाला, साहेब?"

"अहो, फायलीत अहवाल नको का?"

पहिल्या कंपनीनं चाचणीसाठी रेकॉर्डिंगसुद्धा स्वतःच पाठवली होती. तिनं ती लावली. शिकलेले गळे, बंद खोली, मागं टाचणी पडल्याचाही आवाज नाही. यंत्रानं सगळी गाणी झटक्यात ओळखली. भोंग्याला हसू आलं. आजवर असा एकही माणूस तिच्या टेबलाशी आला नव्हता. शब्द पाठ, सूर पक्का, असा माणूस गाणं शोधत येईलच कशाला?

मग तिनं स्वतःची चाचणी मांडली. टेबलाशी येईल त्याला विचारायचं, "तुमचा आवाज घेऊ का?" हो म्हणाला तर आधी कुठलं गाणं हे त्याच्याशी पक्कं करायचं, ते यंत्रांच्या संग्रहात आहे ना ते बघायचं आणि मग त्याला फोनपुढे बसवायचं. जिने चढून धापा टाकत आलेल्या पोस्टमननं दोन दमांत एक ओळ म्हटली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं शीळ घातली, कारण तोंडानं गायची त्याला लाज वाटत होती. एका बसचालकानं गाणं मधूनच सुरू केलं आणि टेबलावर असा काही ठेका धरला की पेनं खाली पडली. निवृत्त झालेल्या एका नर्सबाईंनी वॉर्डातल्या बाळांसाठी गायची ती अंगाई म्हटली. सूर तीनदा घसरला, पण डोळे मिटून म्हटली.

पहिल्या यंत्रानं अंगाईला शीतपेयाची जाहिरात काढून दिली. शीळ ऐकून ते म्हणालं, 'आवाज आला नाही.' दुसरं यंत्र कशालाही नाही म्हणायचं नाही, दरवेळी गाण्यांची लांबच लांब यादी पुढ्यात टाकायचं आणि खरं गाणं असलंच तर पार तळाशी. तिसऱ्यात पडद्यावरच्या पेटीसारख्या पट्ट्या दाबून चाल वाजवावी लागे. ते पाहूनच नर्सबाई म्हणाल्या, "पेटी वाजवता आली असती तर तुमच्याकडे आले असते का?"

शेवटी भोंग्यानं दार लावून घेतलं आणि ती स्वतः पहिल्या यंत्रापुढं गायला बसली. लहानपणापासून रेडिओवर ऐकलेलं, पाठ असलेलं होडीवाल्याचं गाणं. पडद्यावर अक्षरं आली, 'कृपया गाणं म्हणा.'

"म्हणतेच आहे की, मेल्या!" ती ओरडली.

रविवारी ती ताईकडे गेली आणि तिला यंत्राची कथा सांगितली. ताईनं हसत फोन पुढं ओढला आणि तेच गाणं आपल्या ढंगानं घेतलं, मुरक्या, हरकती, शेवटी एक छोटीशी तान. त्याच यंत्रानं कुठलंतरी नाचाचं गाणं दाखवलं. ताईच्या कपाळाला आठी पडली. तिनं पुन्हा म्हटलं, तीच गत. शेवटी अगदी पाढे म्हणतात तसं सपाट म्हटलं, तेव्हा गाणं सापडलं.

"म्हणजे मला गाता येतं म्हणून याला कळत नाही," ताई म्हणाली, "आणि तुला येत नाही म्हणून कळत नाही. मग याला कळतं तरी कोणाचं?"

"ताई, मला हेच लिहायचंय."

"मग लिही ना." ताई जराशी घुटमळली. "पण एक सांगते. उद्घाटनाला तुझ्या साहेबांनी मलाच गायला बोलावलंय. मी हो म्हणून बसलेय."

भोंगा चहा तसाच ठेवून निघाली.

अहवाल वाचायला साहेबांच्या केबिनमध्ये पहिल्या कंपनीचा प्रतिनिधी आधीच येऊन बसला होता. माणूस गोडबोल्या. "मॅडम, मेहनत दिसतेय," तो म्हणाला. "फक्त हे बेसुरे नमुने काढून टाका, निकाल एकदम छान येतो. हा दोष यंत्राचा नाही, वापरणाऱ्यांचा आहे."

"वापरणारे तेच आहेत," भोंगा म्हणाली. "दुसरे कुठून आणू?"

"बाई, ताणू नका," साहेब म्हणाले. "तेवढे गाळा आणि सही करा."

"गाळायचे तर आधी मला गाळावं लागेल. त्यात माझाही आवाज आहे."

"म्हणजे सही करणार नाही?"

"या अहवालावर केलीय. दुसऱ्यावर करणार नाही."

साहेबांनी फाइल मिटली. "ठीक आहे. तुमच्यावाचून काही अडत नाही."

उद्घाटनाला सभागृह भरलं. भोंग्यानं आपल्या चाचणीतल्या सगळ्यांना आवर्जून बोलावलं होतं आणि सगळे आलेही होते. ताईनं व्यासपीठावरून एक ओळ म्हटली, सपाट, पाढ्यासारखी. मोठ्या पडद्यावर गाणं झळकलं. टाळ्या पडल्या.

"पाहिलंत?" प्रतिनिधी खुशीत म्हणाला. "आता कुणीही यावं आणि गुणगुणावं!"

तो हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाला होता. पण भोंगा उठली. साहेब पहिल्या रांगेतून हातानं 'बसा, बसा' म्हणत होते. तिनं तिकडं बघितलंच नाही. माइकपाशी ताई उभी होती. ताईनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग माइकची दांडी तिच्या उंचीला आणून बसवली आणि स्वतः बाजूला झाली.

भोंग्यानं होडीवाल्याचं गाणं गुणगुणलं. एवढ्या लोकांपुढे, आयुष्यात पहिल्यांदा. मागं कुणीतरी फिसकन हसलं. ती थांबली नाही, ओळ पुरी केली. पडद्यावर टायरची जाहिरात आली.

"अहो, हे तर रेडिओवरचं ते होडीवाल्याचं!" नर्सबाई जागेवरूनच म्हणाल्या.

"बरोबर!" भोंगा माइकमध्ये म्हणाली. "यांना कळलं. याला नाही कळलं. अजून कुणाला बघायचंय?"

पोस्टमन उठला. पहारेकरी उठला. बघता बघता रांग लागली. एकेक जण यायचा, गुणगुणायचा, पडद्यावर भलतंच काहीतरी यायचं आणि सभागृहातून कुणीतरी खरं गाणं ओरडून सांगायचं. प्रतिनिधी घाम पुसत म्हणाला, "इथलं नेट जरा मंद आहे."

"माझ्या फोनवर मस्त चालतंय हो!" मागून आवाज आला आणि एकच हशा पिकला.

बसचालकाचं गाणं मात्र यंत्रानं अचूक काढलं. भोंगाच आधी म्हणाली, "हे बरोबर आलं. हेही लिहून घ्या, साहेब. मला त्याच्याशी वैर नाही."

कंपनीबरोबरच्या करारावर त्या दिवशी सही व्हायची होती, ती झाली नाही. पुढच्या महिन्यातही नाही. साहेबांनी तिला संगीत विभागातून उचललं आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांत नेऊन टाकलं. तिनं खळखळ केली नाही. पण गाणं विसरलेली माणसं पत्ता काढत तिथंही यायला लागली. 'शांतता राखा' अशा पाटीखाली बसून गुणगुणायला लागली. साहेब काचेतून बघत, आणि मुकाट्यानं पुढं जात.

एके दुपारी प्रतिनिधीचा फोन आला. आवाजातला गोडवा जरा उतरला होता. "मॅडम, आमच्या इंजिनिअरना तुमची ती रेकॉर्डिंग हवी आहेत. यंत्र सुधारायचंय."

"ती माझी नाहीत. ज्यांची आहेत त्यांना एकेकाला विचारावं लागेल."

"मग तुम्ही विचारून—"

"मी नाही. तुम्ही या आणि विचारा. गाळा म्हणाला होतात ना, आता त्यांच्यापुढं बसा."

ते आले. इंजिनिअर म्हणजे लाजराबुजरा, चष्मेवाला माणूस. तो येऊन गठ्ठ्यांमधल्या स्टुलावर टेकला. नर्सबाई, पोस्टमन, पहारेकरी आधीच जमले होते. भोंग्यानं फोन इंजिनिअरच्या पुढं ठेवला.

"आधी तुम्ही म्हणा."

"मी? मला नाही हो येत गाता."

"उत्तम," भोंगा म्हणाली आणि तिनं बटण दाबलं. "करा सुरू."